नाव एकाचे, पत्ता दुसऱ्याचा

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



साठ वर्षे चाललेल्या कोणत्याही शाळेच्या कचेरीत एक जाडजूड डेडस्टॉक रजिस्टर असते. बाके किती, नकाशे किती, प्रयोगशाळेतील चंचुपात्रे किती, पितळी घंटा कोणत्या साली घेतली, हे सारे त्यात लिहिलेले असते. जमिनीचा उतारा कपाटात असतो, संस्थेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले असते. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शाळांकडे, पेढ्यांकडे, दुकानांकडे आणि गावोगावच्या मंडळांकडे एक नवी मालमत्ता आली आहे आणि तिची नोंद बहुधा कोणत्याच रजिस्टरात सापडत नाही. ती मालमत्ता म्हणजे इंटरनेटवरचे नाव, ज्याला डोमेन नाव म्हणतात. ते नाव दुसऱ्याच कोणी घेऊन ठेवले तर काय होते, आणि आपल्या न्यायालयांनी या प्रश्नाला काय उत्तर दिले, हा आजचा विषय आहे. हीरक महोत्सवाच्या मंगल प्रसंगी कज्जेदलालीचा विषय कशाला, असे कोणास वाटेल. पण ज्या खटल्यामुळे या देशात या प्रश्नाचा कायदा ठरला, तो बेंगळुरूच्या दिवाणी न्यायालयात उभा राहिलेला खटला आहे आणि तिथे वकिली करणाऱ्या माणसाने आपल्या शाळेत येऊन दुसरे काय बोलावे?

बेंगळुरूत राहणाऱ्यांना एक गंमत ठाऊक असते. तिथे घर बांधण्यासाठी घेतलेल्या भूखंडाला 'साइट' म्हणतात. 'आमची एक साइट आहे' असे कोणी म्हणाले, तर तो गृहस्थ संकेतस्थळाविषयी नव्हे, तीस बाय चाळीसच्या प्लॉटविषयी बोलत असतो. त्या साइटवर कुंपण घातले नाही, पाटी लावली नाही आणि मालक दोन-चार वर्षे फिरकला नाही, तर तिथे दुसऱ्याच कोणाची पत्र्याची शेड उभी राहते, हाही तिथला जुना अनुभव. इंग्रजीत 'स्क्वॉट' म्हणजे उकिडवे बसणे, आणि 'स्क्वॉटर' म्हणजे परक्या जागेत असे बसून ठाण मांडणारा. तोच शब्द पुढे 'सायबर' हे विशेषण लावून इंटरनेटवर आला.

तथापि ही उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, आणि नेमके तिथेच कायद्याचे खरे कोडे आहे. जमिनीवर अतिक्रमण करणारा कोणाचे तरी कुंपण ओलांडतो. डोमेन नाव बळकावणाऱ्याने कोणतेही कुंपण ओलांडलेले नसते. त्याने रीतसर अर्ज केलेला असतो, शुल्क भरलेले असते आणि त्या क्षणी ते नाव मोकळेच असते. मग त्याने अपराध कोणता केला?

हे समजण्यासाठी व्यवस्थेची घडण थोडक्यात पाहू. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ साली आकड्यांच्या जागी नावे वापरण्याची पद्धत आखण्यात आली. प्रत्येक नाव कोणत्या आकड्याकडे नेते, याची एक विराट नोंदवही आहे. तिचा नियम एकच, जो प्रथम येईल त्याला नाव मिळेल. अर्जदाराचा त्या नावाशी संबंध काय, हे कोणी विचारत नाही. शिवाय नाव विकत मिळत नाही, ते ठरावीक वर्षांच्या मुदतीने मिळते. म्हणजे खरेदीखताऐवजी भाडेपट्टा म्हणावा तसा प्रकार. आपल्या देशाचे 'डॉट इन' हे टोपणनाव १९८९ पासून अस्तित्वात आहे. प्रारंभीची अनेक वर्षे त्याची देखभाल मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. तेव्हा नावे मोजकी होती आणि छाननी कडक होती. २००५ साली ते सर्वांसाठी खुले झाले.

आता कायद्याकडे वळतो. व्यापारचिन्हांचा कायदा या व्यवस्थेहून पुष्कळ जुना आहे आणि त्याची वृत्ती निराळी आहे. एकच नाव अनेकांनी वापरावे याला त्याची हरकत नसते. मालाचे व सेवांचे पंचेचाळीस वर्ग केलेले आहेत. एका वर्गातले नाव दुसऱ्या वर्गात दुसऱ्याचे असू शकते, एका गावातले दुसऱ्या गावात असू शकते. याचेही उत्तम उदाहरण बेंगळुरूतच आहे. कर्नाटक दूध महासंघ १९८५ पासून 'नंदिनी' या नावाने दूध विकतो आणि त्या निळ्या-पांढऱ्या पिशवीवाचून तिथली सकाळ होत नाही. त्याच शहरात १९८९ पासून 'नंदिनी डिलक्स' नावाची उपाहारगृहे चालतात. फरक इतकाच, की त्यांच्या इंग्रजी अक्षरांत 'डी'नंतर एक 'एच' अधिक आहे. महासंघाने हरकत घेतली. वाद अनेक वर्षे या पायरीवरून त्या पायरीवर चढत राहिला. अखेर २६ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की दूध विकणे आणि उपाहारगृह चालवणे यांत फरक आहे, चिन्हे दिसायला निराळी आहेत, तेव्हा दोघांनीही आपापले नाव चालवावे. उपाहारगृहाने दूध व दुधाचे पदार्थ मात्र या नावाखाली विकू नयेत.

रस्त्यावर दोन नंदिनी सुखाने नांदू शकतात. इंटरनेटवर मात्र 'नंदिनी डॉट कॉम' एकच असणार. तिथे पंचेचाळीस वर्ग नाहीत, गावाची वेस नाही, दुकानाची पाटी नाही. शिवाय शोधणारा माणूस कोल्हापुरात बसलेला असो की कॅलिफोर्नियात, तो त्याच एका दारावर येतो. जुना कायदा 'दोघेही असा' म्हणणारा आणि नवी व्यवस्था 'एकच असेल' म्हणणारी. या दोहोंच्या सांध्यात हे सगळे तंटे जन्माला आले.

येथे दक्षिणेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या परिचयाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कर्नाटकात 'त' लिहिताना इंग्रजीत 'टी'नंतर 'एच' लावतात. आपल्या घरातली 'सुनीता' किंवा 'लता' तिथल्या शाळेच्या दाखल्यात जाते तेव्हा तिच्या नावात एक अक्षर वाढते, आणि पुढे पासपोर्टच्या वेळी आईवडिलांची धावपळ होते. भारतीय नावे रोमन अक्षरांत लिहिण्याची एक ठरलेली रीत नाही. 'विद्यालय' शेवटी 'ए' लावून लिहायचे की न लावता, 'दीप' मध्ये दोन 'ई' की एक 'आय', हे ज्याचे त्याने ठरवायचे. नाव बळकावणाऱ्याला ही आयती सोय झाली. मूळ नाव मिळाले नाही, तर एका अक्षराने वेगळे नाव घ्यायचे. घाईत टंकन करणारा चुकून आपल्याकडेच येणार, हे त्याला ठाऊक असते.

आता तो खटला. सत्यम इन्फोवे या कंपनीने आपल्या नावातील अक्षरे जोडून 'सिफी' हा शब्द घडवला आणि १९९९ साली त्या शब्दाने सुरू होणारी अनेक डोमेन नावे नोंदवली. त्याच वर्षी ही कंपनी अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात उतरली. घराघरांत इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून खरखरत येत होते तो हा काळ, आणि सायबर कॅफेच्या काचेवर हे नाव अनेकांनी वाचलेले असेल. पुढे २००१ आणि २००२ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने 'सिफीनेट' अशी दोन नावे घेतली. त्यात 'एफ' हे अक्षर एकदा नव्हे, दोनदा होते. उच्चारात फरक शून्य. सत्यम इन्फोवेने बेंगळुरूच्या शहर दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि मनाईहुकूम मिळवला.

प्रतिवादी उच्च न्यायालयात गेले. बेंगळुरूचे उच्च न्यायालय विधानसौधासमोरच्या लाल इमारतीत आहे. तिला आजही 'अठरा कचेरी' म्हणतात, कारण एके काळी म्हैसूर सरकारची अठरा खाती तिथे होती. खाती गेली, नाव राहिले. त्या इमारतीत पारडे फिरले. दोघांचे व्यवसाय निराळे आहेत, तेव्हा ग्राहकाची फसगत होणार नाही. प्रतिवादीने पैसा गुंतवला आहे, मनाई केली तर त्याचे अधिक नुकसान होईल. नाव आधी वापरले एवढ्यावरून हक्क मिळत नाही. असा विचार करून उच्च न्यायालयाने मनाईहुकूम उठवला.

प्रकरण दिल्लीला गेले. ६ मे २००४ रोजी न्यायमूर्ती रुमा पाल आणि न्यायमूर्ती पी. वेंकटराम रेड्डी यांच्या पीठाने निकाल दिला आणि खालच्या न्यायालयाचा मनाईहुकूम पुन्हा जिवंत केला. या निकालपत्राचा युक्तिवाद साध्या शब्दांत सांगण्याजोगा आहे. डोमेन नावांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु डोमेन नाव हा आता केवळ पत्ता राहिलेला नाही. ग्राहक त्या नावावरून व्यवसाय ओळखतो. मग ते नाव व्यापारचिन्हाचेच काम करते, आणि ज्या तत्त्वाने व्यापारचिन्हाचे रक्षण होते त्याच तत्त्वाने त्याचेही होईल. ते तत्त्व म्हणजे ज्याला वकील 'पासिंग ऑफ' म्हणतात ते. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवू नये, इतकेच. त्यासाठी चिन्हाची नोंदणी झालेली असावीच लागते असे नाही. लौकिक असावा लागतो, आणि फसगतीचा संभव असावा लागतो.

व्यवसाय निराळे असल्याच्या मुद्द्याला न्यायालयाने दिलेले उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दुकानात गिऱ्हाईक समोर पाहून चूक सुधारू शकते. इंटरनेटवर एका अक्षराच्या चुकीने माणूस भलत्या दारी जातो, आणि तिथे त्याला हवी ती सेवा दिसली नाही, तर तो मूळ कंपनीविषयीच गैरसमज करून घेतो, की हिने आपल्या सेवेविषयी जाहिरातीत खोटे सांगितले वाटते. म्हणजे नुकसान माल न विकताही होऊ शकते. दूध आणि डोसा यांच्यातले अंतर जे काम रस्त्यावर करते, ते काम तिथे होत नाही.

प्रतिवादीने 'सिफी' हे नाव सुचले कसे, याचा खुलासाही केला होता. कंपनीच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून तो शब्द तयार झाला, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाला ते पटले नाही. अशा व्युत्पत्तीकथा या क्षेत्रात वारंवार भेटतात. मुंबई उच्च न्यायालयात १९९९ साली 'रेडिफ'ने 'रॅडिफ' नावाच्या स्थळाविरुद्ध दावा लावला, तेव्हा प्रतिवादीने सांगितले, की 'रॅडिकल' या शब्दाची पहिली तीन अक्षरे आणि 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर', 'फ्री' यांचे एकेक अक्षर घेऊन आम्ही हे नाव घडवले. यास्काचार्यांनीही मान डोलवावी अशी निरुक्ती! पण मूळ नावाच्या इतके शेजारी येऊन थांबणारी व्युत्पत्ती न्यायाधीशांना योगायोग वाटत नाही. न्यायमूर्ती अजित शहा यांनी मनाईहुकूम दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने 'याहू इंडिया' हे नाव घेतलेल्यास रोखले होते. आमच्या पानावर 'आमचा त्या कंपनीशी संबंध नाही' अशी सूचना आहे, हा बचाव तिथे टिकला नाही. भारतातील या विषयाची सुरुवात त्या निकालाने झाली असे मानतात. बेंगळुरूच्या खटल्याने मात्र त्यावर सर्वोच्च शिक्का बसला आणि तेव्हापासून देशातील प्रत्येक दाव्यात त्याचा आधार घेतला जातो. ती कंपनी पुढे 'सिफी टेक्नॉलॉजीज' याच नावाने ओळखली जाऊ लागली, म्हणजे घडवलेला शब्द मूळ नावाला पुरून उरला.

परंतु जो आधी मोठा झाला त्याचेच नाव, असा या निकालांचा अर्थ काढू नये. विशेषतः शब्द बाजारातला, सर्वांच्या तोंडचा असेल तेव्हा. 'नौकरी डॉट कॉम'ने २००२ साली दिल्लीत एका अक्षराचा फरक करून घेतलेल्या नावाविरुद्ध दावा जिंकला. नौकरी हा शब्द कोणाच्या मालकीचा नाही हे खरेच, पण प्रतिवादीने मुद्दाम तेच नाव अधिकच्या 'ए'सह घेऊन लोकांना आपल्या दुसऱ्या स्थळाकडे वळवले होते. उलट, २०१६ साली 'शादी डॉट कॉम'ने 'सेकंड शादी' या स्थळाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मनाई नाकारली. लग्न जुळवणाऱ्याने 'शादी' म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे? मला हा दुसरा निकाल अधिक मोलाचा वाटतो. भाषेतले शब्द हे गायरान आहे. त्यावर चराई सर्वांची असते, आणि एखाद्याने तिथे फार वर्षे गुरे चारली म्हणून ते त्याच्या सातबाऱ्यावर चढत नाही.

बळकावणारे नेहमी लहान असतात आणि नाडले जाणारे नेहमी मोठे, असेही नाही. कॅनडातील माइक रो नावाच्या सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाने २००३ साली स्वतःच्या नावापुढे 'सॉफ्ट' जोडून नाव नोंदवले. मोठ्याने उच्चारून पाहा, मायक्रोसॉफ्ट ऐकू येते. कंपनीच्या वकिलांनी त्याला नावाच्या मोबदल्यात दहा डॉलर देऊ केले. मुलाने दहा हजार मागितले आणि मग कायदेशीर नोटीस आली. जगभर मुलाची बाजू घेणारे लोक उभे राहिल्यावर २००४ च्या जानेवारीत समझोता झाला. आपल्याकडे अलीकडे २०२४ मध्ये असेच घडले. दोन मोठ्या मनोरंजन सेवा एकत्र येणार असा तर्क करून दिल्लीतील एका संगणक व्यावसायिकाने 'जिओहॉटस्टार' हे नाव आधीच नोंदवले होते, आणि त्याच्या मोबदल्यात केंब्रिजमधील शिक्षणाचा खर्च मागितला होता. तो मिळाला नाही. नाव पुढे दुबईतील दोन शाळकरी भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते विनामूल्य देऊ केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेवा त्याच नावाने सुरू झाली. तो दिल्लीकर तरुण हुशार की लबाड, यावर घरोघरी वाद झाले. कायद्याचे उत्तर रुक्ष आहे. जे नाव दुसऱ्याच्या लौकिकावाचून निरुपयोगी आहे, ते केवळ त्याला विकण्यासाठी घेतले असेल, तर हेतू शुद्ध धरला जात नाही. अमेरिकेतील एका गाजलेल्या प्रकरणात 'पॅनाव्हिजन' या चित्रपट-कॅमेऱ्यांच्या कंपनीचे नाव घेऊन बसलेल्याने तेरा हजार डॉलर मागितले, आणि बचावासाठी त्या स्थळावर इलिनॉयमधील 'पाना' नावाच्या गावाची छायाचित्रे टाकली. १९९८ साली न्यायालयाने तोही बचाव फेटाळला.

प्रत्येक वेळी कोर्टकचेरीच करावी लागते असे नाही. १९९९ पासून जगभरच्या 'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी एक लवादवजा पद्धत आहे. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. नाव आपल्या चिन्हासारखे आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवले व वापरले. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे असा अर्ज करायचा तर एका पंचासाठी किमान दीड हजार डॉलर शुल्क पडते. भरपाई मिळत नाही, फक्त नाव रद्द होते किंवा आपल्याकडे येते. 'डॉट इन'साठी आपली स्वतंत्र पद्धत आहे. त्यात नोंदणी किंवा वापर यांपैकी एक जरी वाईट हेतूने झाला, तरी पुरते. 'आणि'च्या जागी 'किंवा' या एका शब्दाने तक्रारदाराचे ओझे किती हलके झाले पाहा. याच पद्धतीत अन्यायाने नाव हिसकावू पाहणाऱ्या बड्या तक्रारदाराचा निषेध नोंदवण्याचीही सोय आहे.

इथवर जे सांगितले त्यात नुकसान कंपन्यांचे होते. अलीकडे या व्यवहाराने कूस बदलली आहे, आणि पालकांनी लक्ष द्यावे अशी बाजू ही आहे. नाव बळकावणाऱ्याला आता कंपनीकडून पैसे नको असतात, तो थेट तुमच्याकडून घेतो. प्रसिद्ध कंपनीसारखे नाव घ्यायचे, तिचेच बोधचिन्ह लावायचे आणि नोकरी, वितरकपद, प्रवेश, कर्ज यांच्या नावाखाली अनामत भरून घ्यायची. दिल्ली उच्च न्यायालयात डाबर कंपनीने २०२२ साली दाखल केलेल्या दाव्यात, आणि त्याच्या जोडीने ऐकल्या गेलेल्या इतर अनेक दाव्यांत, हेच चित्र दिसते. या दाव्यातील पहिल्या प्रतिवादीचे नाव 'अशोक कुमार' आहे. असा कोणी माणूस नाही. समोरचा कोण हे ठाऊक नसते, तेव्हा आपल्या न्यायालयांत त्याला अशोक कुमार म्हणण्याचा प्रघात आहे. ठाऊक नसण्याचे कारणही सांगतो. पूर्वी नाव कोणी घेतले हे नोंदवहीत कोणालाही पाहता येई. २०१८ साली युरोपातील खासगीपणाचा कायदा अमलात आल्यापासून ती माहिती बहुतेक ठिकाणी झाकली जाते. खासगीपणा हवा यात शंका नाही, पण त्या पडद्याआड अशोक कुमार सुखाने बसला आहे, हेही तितकेच खरे.

रिझर्व्ह बँकेने यावर एक सरळ उपाय योजला. २०२५ साली तिने भारतीय बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हे शेपूट असलेली नावे घ्यायला लावली, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे शेपूट बँकेवाचून कोणाला मिळत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना एवढी एक खूण शिकवली, तरी पुष्कळ काम होते. पत्ता वाचताना सुरुवात पाहू नका, शेवट पाहा. फसवणारा सुरुवातीला बँकेचे संपूर्ण नाव लिहू शकतो, शेवट मात्र त्याच्या हातात नसतो.

शाळांसाठीही असे राखीव शेपूट आहे. 'डॉट एज्यु डॉट इन' आणि 'डॉट एसी डॉट इन' ही नावे केंद्र सरकारच्या अर्नेट या संस्थेमार्फतच मिळतात आणि शाळेच्या मान्यतेची कागदपत्रे दाखवावी लागतात. म्हणजे 'जो प्रथम येईल त्याचे' हा नियम तिथे उंबऱ्याबाहेर राहतो. तरीही अनेक संस्था 'डॉट कॉम' घेतात, कारण कोणा उत्साही माजी विद्यार्थ्याने एका संध्याकाळी स्वतःच्या कार्डाने पैसे भरून ते घेऊन दिलेले असते. त्याचा हेतू निर्मळ असतो. पण कागदोपत्री ते नाव त्याचे होते, संस्थेचे होत नाही. तो परदेशी जातो, त्याचा ईमेल बदलतो, नूतनीकरणाची स्मरणपत्रे कोणी वाचत नाही. मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत मिळते, मग अधिक शुल्क भरून सोडवून घेण्याचे तीस दिवस मिळतात, आणि त्यानंतर नाव बाजारात मोकळे होते. अशा मोकळ्या होणाऱ्या नावांवर संगणक लावून टपलेले लोक आहेत. जुने नाव असेल तर त्याच्याकडे येणारी वहिवाट तयार असते, म्हणून त्याला किंमत येते. मग ज्या पत्त्यावर काल स्नेहसंमेलनाची छायाचित्रे होती, तिथे आज जुगाराची जाहिरात दिसते. तक्रार करायची तर शाळेच्या नावाचा लौकिक सिद्ध करा, समोरच्याचा वाईट हेतू सिद्ध करा, असे सारे करावे लागते. 'आदर्श', 'सरस्वती', 'ज्ञानप्रबोधिनी' यांसारखी नावे शेकडो शाळांनी धारण केली असल्यामुळे ते काम सोपे नाही.

म्हणून संस्थेच्या विश्वस्तांना माझी आग्रहाची विनंती आहे. नाव संस्थेच्या नावावर असावे. संपर्काचा ईमेल व्यक्तीचा नसावा, पदाचा असावा. मुदत एकदम दहा वर्षांपर्यंत घेता येते, ती घ्यावी. परवलीचा शब्द एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये. आणि हे सारे डेडस्टॉक रजिस्टरात, पितळी घंटेच्या खालच्या ओळीत, शाईने लिहावे.

शेवटचा मुद्दा आपल्या लिपीचा आहे. आपण मराठी माध्यमाची माणसे, आणि तासभर रोमन अक्षरांच्या कुरापतींविषयी बोलत आहोत. २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' हे देवनागरी शेपूट सुरू झाले. हिंदी, मराठी, कोंकणी, बोडो, डोगरी, मैथिली, नेपाळी आणि सिंधी या आठ भाषांसाठी ते एकच आहे. म्हणजे शाळेचे नाव आज सरळ मराठीत लिहून घेता येते. 'टी'पुढे 'एच' लावायचा की नाही हा प्रश्नच मिटतो. पण ह्रस्व-दीर्घाचा प्रश्न उभा राहतो! 'गीता' आणि 'गिता', 'शाळा' आणि 'शाला' ही यंत्राला चार निरनिराळी नावे आहेत. त्याहून अवघड प्रकार म्हणजे 'ॲ'सारखे अक्षर. दिसायला एक, पण संगणकाच्या पोटात ते दोन प्रकारे साठवता येते. डोळ्यांना जो फरक दिसतच नाही, त्यावरून फसवणूक झाली तर ग्राहकाने काळजी घ्यायची ती कशी? अशा जुळ्या रूपांना आवर घालण्यासाठी लिपीच्या जाणकारांना स्वतंत्र नियम बसवावे लागले आहेत. सिफीच्या निकालात न्यायालयाने कानाला काय ऐकू येते यावर भर दिला होता. देवनागरी नावांचे तंटे उद्या न्यायालयांत आले, तर शुद्धलेखनाचे नियम पुराव्यात दाखल होतील, आणि शुद्धलेखनाच्या वह्या लाल शाईने भरवणाऱ्या आपल्या गुरुजनांना तज्ज्ञ साक्षीदार म्हणून समन्स येईल. त्या दिवशी बेंगळुरूच्या कोर्टात त्यांच्यासाठी कॉफी मी सांगेन.

 कोणाच्या मंडळाचे वा दुकानाचे नाव आधीच दुसऱ्याकडे गेले असेल, तर मी कार्यक्रमानंतर अर्धा तास इथेच थांबणार आहे.